नुसतं पाणी

उमाकांतने पांढरी बशी माझ्यासमोर धरली. बशीत टाकीतलं पाणी होतं आणि तळाशी करडी भुकटी बसली होती. मी बशीला टिचकी मारली. भुकटी जराशी उठली आणि पुन्हा खाली बसली. आदल्या दिवशी हीच भुकटी उजेडाकडे धाव घेत होती.

"कुठल्या टाकीतली?" मी विचारलं.

"तिसऱ्या. दुसरीतली कालच गेली. आता चवथीच रवली."

चौथीच राहिली म्हणजे काय राहिलं, ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. गुरुवारी डॉक्टर रेगे येणार होते. तोवर एका तरी टाकीत जिवंत पिल्लं शिल्लक नसली, तर त्या खाडीकाठची आमची खेकड्यांची हॅचरी बंद होणार होती. मी आणखी कुठे तरी चिकटले असते. उमाकांतला मात्र परत गोव्याच्या ट्रॉलरवर जावं लागलं असतं. चार गणपती तो घरी नव्हता. हॅचरी निघाली आणि पंप नि टाक्या सांभाळायची नोकरी मिळाली, म्हणून तर तो परतला होता. त्याची आई अजूनही सकाळी उठली की आधी तो अंथरुणात आहे ना ते बघायची.

खेकड्याचं पिल्लू जगवणं म्हणजे काय, ते थोडं सांगते. अंड्यातून निघतं तेव्हा ते खेकड्यासारखं मुळीच दिसत नाही. दोन मोठाले डोळे, पाठीवर काटा आणि वळवळणारी शेपूट, एवढाच त्याचा संसार, तोही मोहरीहून लहान. मग ते वाढतं ते कात टाकून. एकदा, दोनदा, असं पाच वेळा. शेवटी त्याला नांग्या फुटतात, शेपूट पोटाखाली वळते आणि ते चालू लागतं. तेव्हा कुठे त्याला खेकडा म्हणायचं, किंवा तिकडच्या भाषेत कुर्ली. समुद्रात हजारातलं एखादं इथवर पोचतं. आमचं काम एवढंच, की आणखी थोडी पोचवायची.

हे काम माझ्यासारखीच्या हाती येणं ही एक गंमतच होती. मी जत तालुक्यातली. आमच्याकडे बोअरला पाणी लागलं की ते खारट आहे, कडू आहे, ही चौकशी कुणी करत नाही. ओलं आहे ना, मग झालं. मत्स्यशास्त्राला प्रवेश घेतला, कारण दुसऱ्या कशाला मिळाला नव्हता. समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मला रागच आला होता. एवढं पाणी, आणि पिता येत नाही.

हॅचरी धाकू गिरपांच्या, म्हणजे उमाकांतच्या वडिलांच्या जागेत होती. गिरप म्हणजे गाबीत, पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर वाढलेले. धाकूकाकांनी होडी विकली होती, पण रुबाब विकला नव्हता. माडांच्या बागेत त्यांचं घर, घराच्या मागे विहीर, विहिरीपलीकडे आमची शेड आणि शेडपलीकडे थेट खाडी. मी त्यांच्याच घरात पडवीच्या खोलीत राहायची. पहिल्या दिवशी ट्रंक घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, उभी राहिले तेव्हा उमाकांतच्या आईने, जयवंतीकाकींनी, तांब्या आणला आणि माझ्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवला.

"पावण्याक नुसतां पाणी देवचां नसता," त्या म्हणाल्या.

पाणी खरंच गोड होतं. धाकूकाका माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. विहिरीची तारीफ ऐकल्याशिवाय ते पाहुण्याला उठू देत नसत. "खाडयेच्या काठार गोडी बाव. माझ्या बापाशीन खणल्यान. अशी दुसरी पंचक्रोशीत दाखय," हे वाक्य मी पुढच्या काही महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं, की ते म्हणायच्या आधीच उमाकांत मागे उभा राहून ओठ हलवून दाखवायचा.

त्या विहिरीमुळेच हॅचरी तिथे आली होती. डॉक्टर रेगे आमचे वरिष्ठ. मवाळ स्वभावाचा, कमी बोलणारा माणूस, पण पिल्लांच्या बाबतीत बारा गावचं पाणी प्यालेला. जागा ठरवताना त्यांनी गिरपांच्या खळ्यात बसून सांगितलं होतं, की समुद्राचं पाणी कुठेही मिळतं, पण ते आहे तसं पिल्लांना चालत नाही. उन्हाळ्यात ते फार खारट होतं. त्यात गोडं पाणी घालून खारटपणा उतरवावा लागतो, आणि पिल्लं मोठी होतील तसा आणखी उतरवावा लागतो, कारण तेव्हा ती समुद्र सोडून खाडीकडे यायला निघालेली असतात. इतक्या जवळ गोडी विहीर आहे म्हणून ही जागा धरली, नाही तर धरली नसती, असं ते म्हणाले. धाकूकाकांनी हे सगळ्या गावाला सांगितलं. जयवंतीकाकी तेव्हा दारात तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही, पण ते वाक्य त्यांनी जपून ठेवलं होतं, हे मला पुढे कळलं.

थंडीतली पहिली पिल्लं छान जगली. चिमुकल्या कुर्ल्या टाकीत मच्छरदाणीच्या तुकड्यांना लटकलेल्या बघून उमाकांत इतका हरखला, की त्याने आईला हाताला धरून शेडमध्ये आणलं. काकींनी ओंजळीत एक घेतली आणि म्हणाल्या, एवढीशी आसा आणि माझ्या बोटाक चावता. त्या दिवशी घरात घावनं झाली.

मग शिमगा गेला आणि पिल्लं मरू लागली. एकदम नाही. पहिल्या दोन काती नीट टाकायची, तिसरीला थोडी गळायची, आणि चौथी-पाचवीला टाकीच्या टाकी बसायची. भिंगाखाली धरलं की दिसायचं, अंग अर्धं जुन्या कातीत आणि अर्धं बाहेर. सदऱ्यात डोकं अडकून पोर कासावीस व्हावं, तशी ती मेलेली असायची. मला ते बघवत नसे. एवढी धडपड करून दारापर्यंत यायचं आणि उंबऱ्यावर मरायचं.

आम्ही करायचं ते सगळं केलं. टाक्या घासल्या, नळ्या उकळल्या, समुद्राचं पाणी औषध घालून निर्जंतुक करून घेतलं, खाणं बदललं, उन्हाने पाणी तापतं म्हणून शेडवर झावळ्या घातल्या. रेग्यांना फोनवर जंतूंचा संशय आला, म्हणून पाय धुतल्याशिवाय कुणाला आत सोडेनासे झालो. धाकूकाकांनी आपल्या परीने उपाय केला. शेडच्या दारात नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं, आणि त्यात गावच्या सगळ्या देवांची नावं घेऊन झाल्यावर "ह्या पिल्लांची कात सुकान सुटांदे" अशी स्पष्ट मागणी केली. मी शास्त्र शिकलेली बाई, पण मीही हात जोडून "होय महाराजा" म्हटलं. त्या वेळी मला कुणी गंडा बांधायला सांगितला असता तरी मी बांधला असता.

खारटपणाबद्दल मात्र आम्ही निर्धास्त होतो. तो मोजायचं यंत्र म्हणजे दुर्बिणीसारखी एक नळी. काचेवर पाण्याचा थेंब टाकायचा, नळी डोळ्याला लावायची आणि निळी रेघ कुठवर आली ते वाचायचं. रोज आधी गोडं पाणी टाकून रेघ शून्यावर आणायची, मग टाकीचं पाणी बघायचं. त्यासाठी आलेली शुद्ध पाण्याची बाटली थंडीतच संपली होती. संपायच्या आधी विहिरीचं पाणी तिच्याशी ताडून बघितलं, तर रेघ शून्यावर. मग दुसरी बाटली मागवायची कशाला? पंपाने शेडच्या नळाला येणाऱ्या पाण्यावरच शून्य लावायची पद्धत पडली. विहीर गोडी, ही आमच्या हॅचरीची पहिली ओळ होती. ती कोण तपासणार?

त्या दिवसांत घरात एक बदल झाला होता, तोही सुखाचा. काकी मला पाण्याबरोबर गूळ द्यायच्या, तो खडा दिवसेंदिवस मोठा होत चालला होता. मी आता पाहुणी नव्हते, तरी गूळ काही चुकत नव्हता. मला वाटायचं, बाईंचा जीव जडला आपल्यावर. आईपासून लांब राहणाऱ्या मुलीला असं वाटून घ्यायला फार पुरावा लागत नाही. काकी रोज सकाळी कळशी घेऊन वर देवळाजवळच्या झऱ्यावर जायच्या. मी धरून चालले, की देवाच्या पूजेला लागत असेल. संध्याकाळी पाय चेपत बसायच्या, आणि काका म्हणायचे, तेल लाव. डाळ शिजत नाही म्हणून त्या वाण्यालाही नावं ठेवत, जुना माल गळ्यात मारतो मेला.

बुधवारी दुपारी, म्हणजे रेगे यायच्या आदल्या दिवशी, मी जेवायला बसले आणि घास गिळवेना. काका बाजारात गेले होते, उमाकांत चौथ्या टाकीपाशी बसून होता. ती पिल्लं पाचव्या कातीवर आली होती. काकींनी सोलकढी वाढली आणि माझ्यासमोर बसल्या.

"माका एक सांग गो बाय," त्या म्हणाल्या. "ती मरतत कशान?"

इतक्या दिवसांत त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. कात टाकताना पिल्लू बाहेरचं पाणी अंगात ओढून घेतं, फुगतं, तेव्हा जुनी कात फाटते. बाहेरचं पाणी जास्त खारट झालं किंवा आज एक आणि उद्या दुसरं असं हेलकावत राहिलं, की त्याचा जोर त्या पाण्याशी झगडण्यातच जातो आणि ते कातीत अडकून मरतं.

"म्हणजे मीठ वायच जास्त झालां, तरी मरतत?"

"मरतात ना. पण तेच तर एक आमचं बरोबर आहे, काकी. रोज मोजतो. सगळं मोजमाप तुमच्या विहिरीच्या पाण्यावरच तर धरलंय. ते गोडं आहे म्हणून बाकीचं किती खारट ते कळतं."

 सोलकढीच्या पातेल्यावर झाकण ठेवून काकी चुलीकडे वळल्या आणि विझलेलीच लाकडं सारत बसल्या. मला वाटलं, बाईंच्या डोक्यावरून गेलं. जेवण तसंच टाकून मी उठले, आणि त्या घरात पहिल्यांदाच मला कुणी "आणखी घे" म्हटलं नाही.

गुरुवारी ऊन चढायच्या सुमाराला रेग्यांची गाडी आली. ते आधी शेडमध्ये आले नाहीत, खळ्यातल्या खुर्चीवर बसले. त्यावरूनच मी ओळखलं. त्यांनी आपल्याला हे काम किती आवडतं ते सांगितलं, पहिल्या पिल्लांची आठवण काढली, आणि मग म्हणाले, की आपल्याला आणखी ओढता येणार नाही. चौथी टाकी गेली तर सामान बांधायचं. उमाकांत माडाला टेकून उभा होता. तो जमिनीकडे बघून मान हलवत राहिला. धाकूकाकांनी तोंडातलं पान थुंकलं.

काकी आतून ताट घेऊन आल्या. ताटात तीन पेले होते. त्यांनी पहिला रेग्यांना दिला, दुसरा मला, तिसरा काकांना.

"गूळ खंय?" काकांनी विचारलं.

"आसा आत."

"मगे हाड ना. सायब काय तसेच पितले?"

काकी तिथेच उभ्या राहिल्या. पदर दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. "आज नुसतां पाणी पिया," त्या म्हणाल्या. "गूळ नको."

काकांचा चेहरा उतरला. पाहुण्याला, त्यातही रेग्यांना, नुसतं पाणी द्यायचं म्हणजे त्यांच्या घरात दारातून हाकलण्यासारखंच होतं. ते उठायला लागले. तेवढ्यात रेग्यांनी घोट घेतला. तो त्यांनी लगेच गिळला नाही. तोंडात धरून ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी प्याले. गुळाशिवाय ते पाणी मी पाच-सहा महिन्यांत कधी प्यालेच नव्हते. पहिल्यांदा मला काही वेगळं वाटलं नाही, आणि मग कळलं का वाटलं नाही ते. ते आमच्या जतच्या बोअरचं पाणी होतं. लहानपणी रोज प्यालेलं, जिभेच्या मागे जाऊन जरासं रेंगाळणारं, मचूळ.

"कधीपासून?" रेग्यांनी हळू विचारलं.

"शिमग्यापासून."

काकांनी आपला पेला एका दमात रिकामा केला आणि अंगणात चूळ टाकावी तसा शेवटचा घोट बाहेर टाकला. ते बायकोकडे बघत राहिले. मग विहिरीकडे गेले. आम्ही मागोमाग गेलो. त्यांनी दोराने कळशी सोडली, पाणी काढलं, ओंजळीने प्याले. कळशी ठेवून पंपाच्या नळाशी गेले. उमाकांतने बटण दाबलं. त्या पाण्याखाली काकांनी हात धरला, तोंडाला लावला, आणि या वेळी त्यांनी ते थुंकलं नाही. गिळलं. त्यांचे डोळे मिटले होते.

वरचं पाणी मचूळ होतं. पंपाचं पाणी चक्क खारट होतं. रेग्यांच्या गाडीच्या डिकीत बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याची बाटली निघाली. तिच्यावर मी यंत्राचं शून्य लावलं आणि नळाच्या पाण्याचा थेंब काचेवर टाकला. निळी रेघ शून्यापासून बरीच वर जाऊन थांबली होती. म्हणजे आम्ही वाचलेली प्रत्येक रेघ तेवढीच खोटी. आणि त्याहून वाईट असं, की सकाळी विहीर भरलेली असायची आणि दुपारी उपसलेली, त्यामुळे आमचं शून्यही रोज नव्या जागी असायचं. गोडं म्हणून आम्ही टाकीत खारट पाणी घालत होतो, आणि तेही आज कमी, उद्या जास्त. पिल्लांना बिचाऱ्यांना कुठल्या समुद्रात आहोत तेच कळत नव्हतं.

"माझी बाव खोटी," काका म्हणाले. त्यांचा आवाज कुणी ऐकावा म्हणून नव्हता.

"नाही काका," मी म्हटलं. "विहीर खरीच होती. तुमच्या वडिलांनी खणली तेव्हा कळशीने पाणी काढायचं होतं. आम्ही पंप लावून दिवसभर उपसलं. वरचं गोडं संपलं आणि खालून खाडी आत आली. विहीर आम्ही खारी केली."

 माणसं इतक्या मायेने पाणी पुढे करतात, आणि आपण पंप लावतो.

काका विहिरीच्या कठड्यावर बसले. थोड्या वेळाने त्यांनी बायकोला विचारलं, "माका कसां नाय कळलां? मी ह्यांच पाणी पितंय ना?"

"तुमचां पाणी झऱ्यावयलां आसा," काकी म्हणाल्या.

"रोज?"

"रोज. तुमचो माठ येगळो."

मग त्यांनी जे सांगितलं ते एकसारखं नव्हतं, मधे मधे थांबत सांगितलं. शिमग्यानंतर डाळ शिजेनाशी झाली तेव्हा त्यांना संशय आला. मग पाणी जिभेला लागलं. सांगावं तर रेगे साहेबांचं ते वाक्य आठवायचं, गोडी विहीर नसती तर ही जागा धरली नसती. हॅचरी गेली की उमो गेला. आणि नवऱ्याला सांगावं तर तो मोडून पडेल, आयुष्यभर दुसरं काय मिरवलं होतं त्याने? म्हणून नवऱ्याचा माठ झऱ्याच्या पाण्याने भरायचा, आणि बाकीच्यांच्या हातावर गुळाचा मोठा खडा. काल दुपारी माझ्याकडून ऐकलं तेव्हा त्यांना कळलं, की सांगितलं तर जागा जाईल आणि न सांगितलं तर पिल्लं जातील, मुलगा दोन्हीकडून जाणार. "मगे म्हटलंय, उमो जातलोच आसा, तर निदान ती एवढीशी कित्याक मारूची?" त्या म्हणाल्या.

गुळाच्या खड्याचं कळलं तेव्हा मला एक गोष्ट उगीचच टोचली. म्हणजे तो जीव जडण्याचा खडा नव्हता तर. अशा वेळी असला विचार मनात यावा याची मला लाजही वाटली, पण आला खरा.

काका बायकोच्या पायांकडे बघत होते. देवळाचा चढ मी एकदा चढले होते. वर पोचेपर्यंत दोनदा बसावं लागलं होतं. "तू पाय दुखतत म्हणत रवलंस," ते म्हणाले, "आणि मी तेल लाव म्हणत रवलंय."

काकी रेग्यांकडे वळल्या. "आता तुमी जातलास?"

रेगे खोटं बोलणारे नव्हते. गोडं पाणी नसेल तर जावंच लागेल, असं त्यांनी सांगितलं. उमाकांतने पंपाचं बटण बंद केलं. कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा धाकूकाका उठले. आत गेले, सदरा घातला, टोपी घातली, नारळ घेतला. "झरो आसा," ते म्हणाले. "देवाचो आसा, गावाचो आसा. इचारतंय."

हे "विचारतो" म्हणजे काय, ते परक्याला कळणार नाही. झऱ्याचं पाणी घागरीने कुणीही न्यावं, पण धंद्यासाठी पिंप भरायची तर गावाची परवानगी लागते. ती मागायला जाणारा माणूस कोण, तर ज्याने आयुष्यभर गावाला आपल्या विहिरीवरून डिवचलं होतं तो. आता त्याने देवळात उभं राहून, स्वतःच्या तोंडाने, आपली विहीर खारी झाल्याचं सांगायचं होतं. मी त्यांच्याबरोबर गेले होते. गावकार, म्हणजे गावचा मुख्य मानकरी, आणि आणखी काही म्हातारे मंडपात बसले होते. काकांनी नारळ ठेवला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं. एक क्षण मला भीती वाटली, आता कुणी तरी हसणार. एका म्हाताऱ्याचे ओठ हललेही. पण काकांनी टोपी काढून हातात घेतली होती, आणि धाकू गिरपाला बिनटोपीचं त्या गावाने तोवर बघितलं नव्हतं. गावकाराने नारळ उचलला आणि म्हणाला, पाणी घेवा, पण झरो उपसू नको. ते "उपसू नको" मी मनाच्या पाटीवर लिहून ठेवलं.

उमाकांत टेम्पो घेऊन आला. दुपारपासून पिंपं खाली येऊ लागली. चौथ्या टाकीचं पाणी एकदम उतरवलं असतं तर पिल्लं त्याच धक्क्याने गेली असती. म्हणून नळीला गाठ मारून झऱ्याचं पाणी थेंबाथेंबाने सोडलं, आणि दर थोड्या वेळाने बॅटरीच्या पाण्यावर शून्य लावून मी रेघ बघत बसले. रेगे परत गेले नाहीत. खुर्ची शेडमध्ये आणून बसले आणि दुसऱ्या दिवशीही बसून राहिले. काकी जेवण तिथेच आणून द्यायच्या.  जंतूंबिंतूंचं सगळं बोलणं विरून गेलं होतं, राहिला होता तो नळीचा टप टप आवाज.

शनिवारी सकाळी उमाकांतने पांढरी बशी माझ्यासमोर धरली. मला बघायचा धीर होईना. मी त्याच्या तोंडाकडे बघितलं.

"चलता," तो म्हणाला.

बशीच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढं काही तरी होतं. त्याला नांग्या होत्या. शेपूट अजून पुरती वळली नव्हती, पण ते बशीच्या कडेला पोचलं, घसरलं आणि पुन्हा चढायला लागलं. टाकीतली सगळी काही जगली नव्हती, अर्ध्याहून जास्त गेलीच. पण जी राहिली ती जाळीला लटकून बसली होती, आणि रेग्यांनी सामान बांधायचं नाव काढलं नाही.

त्यानंतर मी बऱ्याच ठिकाणी काम केलं. कुठेही गेले तरी यंत्राच्या पेटीत शुद्ध पाण्याची बाटली असते, आणि ती संपायच्या आत दुसरी येते.

परवा कितीतरी वर्षांनी त्या बाजूला जाणं झालं. हॅचरी चालू आहे. उमाकांतच बघतो, त्याचं पोट सुटलंय. पाणी झऱ्यावरून नळाने येतं, बेताने. विहिरीला त्या दिवसानंतर पंप लागला नाही. तिने पुढचे दोन पावसाळे घेतले आणि मग ती स्वतःहून गोडी झाली. धाकूकाका खूप वाकलेत. काकी खळ्यात पाय पसरून बसल्या होत्या. मला बघून उठायला गेल्या, मी उठू दिलं नाही. उमाकांतची बायको ताटात पेला आणि गूळ घेऊन आली.

"थांब गो," काका सुनेला म्हणाले. "आदी नुसतां पाणी दी. गूळ मगे."

ती हसली. पाहुणा आला की हे रोजचंच असावं. मी पेला उचलला. काका माझ्या तोंडाकडे बघत होते, पहिल्या दिवशी बघत होते तसेच, पण आता त्यात ऐट नव्हती. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

मी सावकाश प्याले. घोट तोंडात धरला, जिभेच्या मागे नेला, वाट बघितली.

"गोड आहे, काका," मी म्हटलं.

काकांनी बायकोकडे बघितलं. "ऐकलंस?"

"ऐकलंय," काकी म्हणाल्या. त्यांनी सुनेच्या ताटातली गुळाची वाटी ओढून घेतली, बोटांनी चाचपून त्यातला एक खडा निवडला आणि माझ्या हातावर ठेवला. पाणी गोड होतं, त्यात लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तरी खडा त्या उन्हाळ्यातल्याएवढाच मोठा होता.